दात येताना बाळ घास नाकारते तेव्हा





या पानावर आपण बहुधा भात, नाचणी, रताळी आणि गुराढोरांविषयी वाचतो. आज घरातल्या सर्वांत लहान जिवाविषयी लिहीत आहोत. विषय साधा वाटेल. दात येऊ लागले की बाळ वरचे अन्न खात नाही, तोंड फिरवते, चमचा ढकलते, रडते. अशा वेळी घरच्यांनी काय करावे? हा पाठ लिहिण्यास एक कारण घडले. ते आधी सांगतो, कारण त्यात आमचीही चूक आहे.

गेल्या सुगीत एका रविवारी मिस्सा संपल्यावर एक आजी नातवाला कडेवर घेऊन दाराशी थांबल्या होत्या. पोर नऊ महिन्यांचे. खालचे दोन दात आलेले, वरची हिरडी फुगलेली, लाळेने झबले भिजलेले. आजी म्हणाल्या, "फादर, पोर चार दिवस झाले काय खाईना बघा. दात येताहेत न्हवं, पोट बी जरा बिघडलंय." आम्ही बाळाच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला आणि जे सगळे म्हणतात तेच म्हणालो, "दातांचंच असेल आजी, होईल बरं."

बुधवारी रात्री त्या बाळाचा बाप आमच्या दारात उभा. बाळाला शनिवारपासून जुलाब होते. "दाताचे जुलाब आहेत, ते थांबवू नयेत," या समजुतीने औषध दिले नव्हते, आणि पाणी दिले तर जुलाब वाढतील म्हणून पाणीही बेताचेच. बाळाचे डोळे आत गेले होते, रडताना डोळ्यांत पाणी नव्हते. आम्ही गाडी काढली आणि तालुक्याच्या दवाखान्यात नेले. सलाईन लागले. प्रभूच्या दयेने चौथ्या दिवशी बाळ घरी आले, आणि आज ते अंगणात पळते आहे. पण त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर आजी हळूच म्हणाल्या, "फादर, तुम्ही पण म्हणालात न्हवं, दाताचंच म्हणून." त्या शब्दाला आमच्याकडे उत्तर नव्हते.

म्हणून दवाखान्यातील डॉक्टरांकडून आणि परिचारिकेचे काम करणाऱ्या आपल्या सिस्टरांकडून आम्ही हा विषय नीट समजून घेतला. जे समजले ते आपल्यापुढे ठेवीत आहोत.

दात कसे येतात

दुधाचे दात बाळ आईच्या पोटात असतानाच हिरडीत तयार होऊ लागतात. जन्मानंतर ते हळूहळू वर सरकतात. बहुतेक बाळांचा पहिला दात सहाव्या महिन्याच्या सुमारास दिसतो. कोणाला चौथ्या महिन्यात, तर कोणाला वर्ष भरता भरता. म्हणून शेजारच्या बाळाला दात आले आणि आपल्या बाळाला नाहीत, याची काळजी करू नये.

साधारण क्रम असा असतो. आधी खालचे पुढचे दोन दात (६ ते १० महिने), मग वरचे पुढचे दोन (८ ते १२ महिने), त्यानंतर त्यांच्या शेजारचे. पहिल्या दाढा १३ ते १९ महिन्यांत आणि सुळे १६ ते २३ महिन्यांत येतात. मागच्या दाढा साधारण दोन ते पावणेतीन वर्षांच्या दरम्यान येतात. असे एकंदर २० दुधाचे दात असतात. म्हणजे सहाव्या महिन्यापासून जवळजवळ तिसऱ्या वर्षापर्यंत बाळाला कोणता ना कोणता दात येतच असतो. हे ध्यानात ठेवा, कारण पुढचा सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो. या दोन-अडीच वर्षांत बाळाला ताप आला, खोकला झाला, जुलाब झाले, तरी त्याच वेळी एखादा दात येत असल्याचे दिसणारच. मग दोष दातावर ढकलणे सोपे जाते.

दातांमुळे काय होते आणि काय होत नाही

अमेरिकेतील क्लीव्हलँड येथील डॉक्टरांनी १२५ बाळांच्या दातांची आणि तक्रारींची रोजच्या रोज नोंद ठेवविली आणि २००० साली ती प्रसिद्ध केली. त्यात असे दिसले की दात बाहेर पडण्याच्या आधीचे चार दिवस, तो दिवस आणि नंतरचे तीन दिवस, अशा आठ दिवसांत बाळे अधिक चावतात, लाळ गाळतात, हिरड्या व कान चोळतात, चिडचिड करतात, झोपेतून उठतात आणि घट्ट अन्न कमी खातात. अंग किंचित कोमट लागते. पण जुलाब, नाक चोंदणे आणि मोठा ताप यांचा दातांशी संबंध दिसला नाही.

म्हणजे आजीचे अर्धे म्हणणे खरे होते. दात येताना बाळ घास नाकारते. हिरडी सुजलेली असते, चमचा लागला की दुखते, गरम अन्नाने झोंबते. पण उरलेले अर्धे खरे नव्हते. पोट दातांनी बिघडत नाही.

मग याच काळात जुलाब का होतात? त्याची दोन कारणे आहेत. एक म्हणजे, आईकडून मिळालेली रोगाशी लढण्याची शक्ती सहा महिन्यांच्या पुढे ओसरू लागते. दुसरे, हिरडी शिवशिवते म्हणून बाळ हाती लागेल ते तोंडात घालते. जमिनीवरचा खडा, चप्पल, गुरांचे दावे, मळका हात, काहीही. शिवाय वरचे अन्न व पाणी याच वयात सुरू होते आणि त्यात अस्वच्छता राहिली तर जंतू पोटात जातात. दात हा त्या वेळी हजर असलेला शेजारी आहे, चोर दुसराच आहे.

आपण शेतकरी आहोत, म्हणून शेतातलेच उदाहरण घेऊ. भाताची रोप लावणी केली की रोप चार-सहा दिवस पिवळे पडते, मान टाकते. आपण घाबरत नाही. ते उपटून पाहत नाही, की दुप्पट खत टाकीत नाही. बांधात पाणी राखतो आणि वाट पाहतो. मूळ धरले की रोप हिरवे होते. पण पंधरा दिवस झाले तरी पिवळेपणा जात नाही आणि पानांवर डोळ्यांसारखे ठिपके दिसू लागले, तर कोणता शहाणा शेतकरी म्हणेल की "लावणीमुळेच असेल"? तो म्हणतो, हा करपा आहे, आणि उपायाला लागतो. बाळाच्या बाबतीतही दोन्ही गोष्टी हव्यात, चार दिवसांचा धीर आणि ठिपके ओळखणारी नजर.

ही चूक केवळ आपल्या आजींची नव्हे. सतराव्या शतकात लंडन शहरातील मृत्यूंच्या याद्यांत 'दात' हे मृत्यूचे एक कारण म्हणून छापले जाई. युरोपातील वैद्य बाळाची हिरडी चाकूने कापीत असत, आणि ही रीत एकोणिसाव्या शतकातही चालू होती. ती बाळे बहुधा जुलाबांनी, तापांनी आणि उपासमारीने दगावत होती. नाव मात्र दातांचे होई.

घास नाकारला तर काय करावे

१. अंगावरचे दूध चालू ठेवा. बाळ वरचे खात नसेल तर दूध अधिक वेळा पाजा. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, त्यानंतर वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहूनही पुढे आईचे दूध, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. दात आले म्हणून दूध तोडू नये. बाळ चावले तर ओरडू नका. करंगळी त्याच्या ओठांच्या कोपऱ्यातून घालून स्तन सोडवा आणि क्षणभर थांबा. बाळ लवकरच शिकते.

२. खाऊ घालण्याआधी हिरडी शांत करा. हात साबणाने धुवून स्वच्छ बोटाने हिरडी एक-दोन मिनिटे हलके चोळा. किंवा मऊ सुती फडके उकळून, माठातल्या उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवून, पिळून बाळाला चावू द्या. फडके रोज उकळावे. बर्फ हिरडीवर लावू नये.

३. अन्न गार किंवा कोमट द्या. चुलीवरून उतरलेले गरम अन्न दुखऱ्या हिरडीला सोसत नाही. चमचा लहान व गुळगुळीत असावा. घास जिभेच्या मध्यभागी ठेवावा, म्हणजे पुढच्या हिरडीला लागत नाही.

४. अन्न मऊ करा, पण पातळ करू नका. इथे फार घरे चुकतात. बाळ खात नाही म्हणून पेजेचे वरचे पाणी किंवा वरणाचे पाणी पाजतात. त्याने पोट फुगते, पण अंगाला काही लागत नाही. चमचा थोडा कलंडला तरी त्यातून घरंगळणार नाही, इतके अन्न घट्ट असावे. घशात सहज उतरावे म्हणून त्यात अर्धा चमचा तूप किंवा घाण्याचे तेल घाला. घास तोच राहतो आणि ताकद वाढते.

५. थोडे थोडे, अधिक वेळा. एरवी तीन वेळा खाणाऱ्या बाळाला या दिवसांत पाच-सहा वेळा दोन-दोन, तीन-तीन चमचे द्या. एका वेळी वीस-तीस मिनिटांपेक्षा अधिक वेळ घालवू नये.

६. जबरदस्ती करू नका. नाक दाबून, हात धरून, मांडीवर आडवे पाडून भरविले तर अन्न श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. शिवाय बाळाच्या मनात वाटीचे भय बसते, आणि दात येऊन गेला तरी ते भय राहते. तोंड फिरविले की वाटी बाजूला ठेवा. तासाभराने पुन्हा प्रयत्न करा.

७. घरच्यांबरोबर जेवायला बसवा. बाळाला टेकवून सरळ बसवा, त्याची वाटी वेगळी ठेवा, म्हणजे किती खाल्ले ते कळते. बापाने भरविले, ताईने भरविले, तर कधी कधी आईकडे नाकारलेला घास बाळ हसत घेते. भरविणे हे एकट्या आईचे काम आहे, असे शुभवर्तमानात कुठे लिहिलेले नाही.

दात येऊन गेला की बाळाला भूक लागते. त्या आठवड्यात रोज एक जेवण अधिक द्या, म्हणजे घटलेले वजन भरून निघते.

आपल्याच शेतातले अन्न

बाजारातील डब्याची गरज नाही. आपल्या घरात आणि वावरात जे आहे ते पुरे आहे.

नाचणीचे सत्त्व: नाचणी निवडून, धुवून रात्रभर भिजवा. सकाळी फडक्यात बांधून मोड आणा. सावलीत वाळवा, मंद आचेवर किंचित भाजा, दळा आणि वस्त्रगाळ करा. दोन चमचे सत्त्व थंड पाण्यात कालवून, ढवळत शिजवा. मोड आणल्याने लापशी तितक्याच धान्याची असूनही चिकट गोळा होत नाही, बाळाला सहज गिळता येते. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तांदळात ते अगदी थोडे असते. दात व हाडे कॅल्शियमनेच बळकट होतात.

रताळे: आपल्या भागाचे हे पीक आपण गाड्या भरून बाजारात पाठवितो आणि घरच्या बाळाला बिस्किट आणतो. एक रताळे उकडून, साल व दोरे काढून, कुस्करून गार द्या. दुखऱ्या हिरडीला याहून मऊ अन्न क्वचितच मिळेल.

गुरगुट्या भात: तांदूळ आणि मुगाची डाळ एकत्र मऊ शिजवा, घोटा, वरून तूप घाला. सहा महिन्यांनंतर ताजे, आंबट नसलेले दही घालून दहीभातही चालतो. बहुतेक बाळांना तो आवडतो, कारण तो गार असतो.

अंडे, केळे, भोपळा: पूर्ण उकडलेले अंडे चांगले कुस्करून वरणभातात मिसळा. पिकलेले केळे, उकडलेला लाल भोपळा, पालकाची घोटलेली भाजी आळीपाळीने द्या. सहा महिन्यांनंतर आईच्या दुधातले लोह बाळाला पुरत नाही. लोह कमी पडले की रक्त कमी होते, आणि रक्त कमी झाले की भूकही मंदावते. म्हणून अंडे, डाळ, पालेभाजी, घरात मासे वा मांस होत असेल तर त्याचा काटे-हाडे काढून बारीक केलेला घास, यांपैकी काही तरी रोज हवे. आशाताई देतात ते लोहाचे पातळ औषधही त्या सांगतील तसे द्या.

किती द्यावे? सहा महिन्यांला दोन-तीन चमच्यांपासून सुरुवात करावी. आठ महिन्यांपर्यंत पाव लिटरच्या वाटीची अर्धी वाटी, दिवसातून दोन-तीन वेळा. नऊ ते अकरा महिने, अर्धी वाटी तीन-चार वेळा. वर्षानंतर पाऊण ते एक वाटी तीन-चार वेळा, आणि मध्ये एखादे फळ. पहिल्या वर्षात वरून मीठ-साखर घालू नये.

काय करू नये

मध व टाकणखार हिरडीला चोळण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. ती सोडा. टाकणखार बाळाच्या अंगात साठून त्याला आकडी येऊ शकते. आणि एक वर्षाच्या आतील बाळाला मध कोणत्याही रूपाने देऊ नये. त्यातील एका जंतूमुळे बाळाचे स्नायू लुळे पडण्याचा धोका असतो.

हिरडी बधिर करणारी मलमे दुकानातून आणून लावू नका. अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने २०१८ साली दोन वर्षांखालील बाळांसाठी अशा बेंझोकेनच्या मलमांविरुद्ध इशारा दिला, कारण त्याने रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटू शकते.

दारू, अफू, जास्त जायफळ यांनी बाळ शांत होत नाही, गुंगीत जाते. गुंगीतले बाळ दूध ओढत नाही.

गळ्यात मण्यांची माळ किंवा दोरा बांधू नका. दात सुखाने यावेत म्हणून बांधलेला दोरा झोपेत गळ्याला आवळला जाऊ शकतो, आणि तुटलेला मणी घशात अडकतो. गळ्यातला क्रूसही बाळ मोठे होईपर्यंत पाळण्याशेजारच्या भिंतीवर शोभतो.

शेंगदाणे, फुटाणे, कच्च्या गाजराचे तुकडे चघळायला देऊ नका. ठसका लागून जीव जाण्याची भीती असते. दुधाची बाटली आणि चहात बुडविलेले बिस्किटही नको. बाटली नीट साफ होत नाही, आणि चहा लोह अंगी लागू देत नाही.

शेतावर जाणाऱ्या आईसाठी

सुगीच्या दिवसांत आई पहाटे शेतावर जाते आणि बाळ आजीजवळ राहते, किंवा बांधावरच्या झाडाला झोळी बांधून त्यात निजते. अशा वेळी दोन-तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

निघण्यापूर्वी पोटभर पाजा. दूध पिळून धुतलेल्या, उकळलेल्या भांड्यात झाकून ठेवले तर सावलीच्या गार जागी काही तास टिकते, पण आपल्याकडच्या उकाड्यात चार तासांच्या आत वापरावे. ते वाटी-चमच्याने पाजावे. सकाळी शिजविलेले अन्न दुपारी बाळाला देऊ नका. नाचणीचे सत्त्व घरात तयार असले तर आजीला दहा मिनिटांत ताजे शिजविता येते.

फवारणी करून आलेल्या आईबापांनी आधी आंघोळ करावी, कपडे बदलावे, मगच बाळाला घ्यावे. या वयात बाळ तुमचा खांदा चावते, पदर चोखते. औषधांचे डबे, युरियाची पोती, बियाण्याला चोळायची भुकटी यांना कुलूप हवे. रिकाम्या डब्याचे खेळणे कधीही करू नये.

केव्हा दवाखाना गाठावा

खालीलपैकी एकही गोष्ट दिसली तर ती दातांवर ढकलू नका.

१. ताप १०० पूर्णांक ४ अंश फॅरनहाइट (३८ अंश सेल्सिअस) किंवा अधिक.

२. दिवसातून तीन किंवा अधिक वेळा पाण्यासारखे जुलाब, किंवा शौचात रक्त.

३. डोळे खोल जाणे, तोंड कोरडे पडणे, सहा-आठ तास लघवी न होणे, चिमटीत धरलेली पोटाची कातडी सोडल्यावर सावकाश खाली बसणे.

४. वरच्या अन्नाबरोबर अंगावरचे दूधही न पिणे, किंवा प्यालेले सगळे उलटून टाकणे.

५. बाळ मलूल होणे, जागे न होणे, आकडी येणे.

६. श्वास भरभर चालणे. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत मिनिटाला ५० किंवा अधिक, वर्षानंतर ४० किंवा अधिक. किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे.

७. तोंडात पांढरे चट्टे किंवा फोड, किंवा कान दुखून बाळ सारखे रडणे.

८. आठवडा उलटला तरी घास न घेणे, किंवा अंगणवाडीच्या वजन-पत्रकातील रेघ खाली झुकणे.

जुलाब सुरू होताच, दवाखान्यात पोचण्याआधीच, क्षार-संजीवनी म्हणजे ओ.आर.एस. सुरू करा. एक लिटरचे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण घालावे, कमी पाण्यात नको आणि अर्धे पाकीटही नको. दोन वर्षांखालील बाळाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, चमच्याचमच्याने पाजा. ओकले तर दहा मिनिटे थांबून पुन्हा हळूहळू द्या. तयार पाणी चोवीस तासांनंतर टाकून द्या. जस्ताच्या गोळ्या १४ दिवस द्यायच्या असतात, जुलाब थांबले तरी मध्येच सोडू नयेत. या दोन्ही गोष्टी आशाताईंकडे व सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतात. गंभीर लक्षण दिसले तर १०८ क्रमांकावर फोन करा.

या साध्या पाण्याचे मोल कळावे म्हणून एक घटना सांगतो. १९७१ साली बांगलादेशाच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली. सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महलानबीस यांनी मीठ, साखर व सोडा यांचे पाणी पिंपांत कालवून रोग्यांच्या नातेवाइकांच्या हाती दिले. तीस टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या आत आले. जुलाबात पाणी तोडणे हे मरण आहे, पाणी देणे हे जीवन आहे, हे त्या छावणीत सिद्ध झाले.

शेवटचा शब्द

दातांच्या दुखण्यासाठी ख्रिस्तसभेत संत अपोलोनिया हिची मध्यस्थी मागतात. अलेक्झांड्रिया नगरात २४९ साली छळ करणाऱ्यांनी तिचे दात पाडले आणि तिने रक्तसाक्ष्य दिले. ९ फेब्रुवारी हा तिचा सण. बाळासाठी तिच्याकडे अवश्य प्रार्थना करा. पण प्रार्थना करताना ओ.आर.एस.चे पाकीट फळीवर असू द्या.

शुभवर्तमानात याईराच्या मुलीची कथा आपण अनेकदा ऐकतो. प्रभूने तिचा हात धरला आणि तिला मृत्यूतून उठविले. घरचे लोक आश्चर्याने थक्क झाले, तेव्हा प्रभूने त्यांना काय सांगितले? मुलीला काही खायला द्या, असे सांगितले. एवढ्या मोठ्या चमत्कारानंतरही प्रभूला तिच्या भुकेची आठवण राहिली. बाळापुढे धीराने धरलेला चमचा ही लहान सेवा नव्हे.

आजींना आमचे सांगणे एवढेच. तुमचे अनुभव आम्हांला हवेत. हिरडी पाहून दात केव्हा येणार ते तुम्ही अचूक सांगता. फक्त ताप आणि जुलाब यांचा हिशेब दातांच्या खात्यावर मांडू नका. आणि कोणी, अगदी फादर म्हणाले तरी, "दातांचंच असेल," तर विचारा, "पण जुलाब का होताहेत?"

घरी बसून विचार करावा असे प्रश्न

१. आपल्या बाळाने गेल्या आठवड्यात किती वेळा आणि किती खाल्ले? ते घरात कोणाला ठाऊक आहे?

२. आपल्या घरात आज ओ.आर.एस.चे पाकीट आहे काय? ते कसे कालवावे हे आजीला, बापाला येते काय?

३. फवारणीचे डबे कोठे ठेवले आहेत? रांगणाऱ्या बाळाचा हात तेथे पोचतो काय?

प्रभू आपल्या लेकरांना निरोगी ठेवो आणि त्यांना वाढविणाऱ्या हातांना बळ देवो.

तुमचे धर्मगुरू